मिडी कंट्रोलर एबलटन लाइव्हमध्ये मॅप करताना: नंबर, रेंज आणि टेकओव्हर

नवीन मिडी कंट्रोलर, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला आज्ञा पाठवणारं फेडर-नॉब-बटणांचं यंत्र, घेतला की पहिली संध्याकाळ मजेत जाते. केबल लावली, सॉफ्टवेअरला शिकवलं, हातातला फेडर (वर-खाली सरकवायची खुंटी) हलवला की स्क्रीनवरचाही हलतो. आठवडाभरात मात्र बरेच जण पुन्हा माउसवर येतात. फेडरला हात लागताच आवाज उसळी मारतो, फिल्टर फिरवताना पायऱ्या ऐकू येतात, म्यूटचं बटण कधी एकदा तर कधी दोनदा दाबावं लागतं. यंत्र स्वस्तातलं म्हणून असं होतं असा समज होतो, पण बहुतेक वेळा मॅपिंग, म्हणजे यंत्रावरच्या कशाने सॉफ्टवेअरमधलं काय हलावं ही जोडणी, अर्ध्यावर सोडलेलं असतं. सॉफ्टवेअरला नॉब शिकवणं हे काम सर्वांत सोपं. कोणता नंबर वापरायचा, किती रेंज द्यायची आणि हातातला फेडर स्क्रीनवरच्या फेडरशी जुळत नसेल तर काय व्हावं, हे तीन निर्णय घेतल्याशिवाय कंट्रोलर कामाचा होत नाही.

इथे उदाहरण म्हणून कॉर्गचा नॅनोकंट्रोल२ आणि एबलटन लाइव्ह १२ हे ध्वनिमुद्रण-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आहे. नॅनोकंट्रोल२ वर आठ पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीला एक फेडर, एक नॉब आणि एस, एम, आर (सोलो, म्यूट, रेकॉर्ड) ही तीन बटणं, शिवाय डाव्या बाजूला प्ले, स्टॉप, रेकॉर्ड वगैरे बटणं. फेडरला मोटर नाही, त्यामुळे मॅपिंगच्या सगळ्या अडचणी यावर दिसतात आणि इथे जे जमेल ते अकाई, नोव्हेशन, आर्टुरिया यांच्या कंट्रोलरवरही जमेल. लाइव्हची लाइट आवृत्ती अनेक कंट्रोलरसोबत मिळते आणि मिडी मॅपिंग तिच्यातही चालतं.

सेट कसला, तेही ठरवून टाकू. अभंगाचं ध्वनिमुद्रण मिक्स करायचं आहे: गायन, कोरस, हार्मोनियम, पखवाज, तबला, टाळ आणि तानपुरा असे सात ट्रॅक, आणि आठवा फेडर रिव्हर्बच्या (घुमण्याच्या इफेक्टच्या) रिटर्न ट्रॅकला. बाकीचे ट्रॅक आपला थोडा आवाज ‘सेंड’ने या रिटर्न ट्रॅकला पाठवतात.

कंट्रोलर नेमकं काय पाठवतो

फेडरवर व्हॉल्यूम लिहिलेलं असलं तरी फेडरला व्हॉल्यूम म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तो हलला की तीन बाइटचा एक संदेश जातो: पहिल्या बाइटमध्ये ‘हा कंट्रोल चेंज आहे आणि अमुक चॅनलवर आहे’, दुसऱ्यात कंट्रोलचा नंबर, तिसऱ्यात किंमत. चॅनल १ ते १६, नंबर ० ते १२७, किंमत ० ते १२७. कंट्रोल चेंजला सगळे सीसी म्हणतात. १९८३ साली मिडी ठरलं तेव्हापासून ही रचना तशीच आहे, आणि आजचे बहुतेक साधे कंट्रोलर यूएसबीवरूनही हेच संदेश पाठवतात.

काही सीसी नंबरांना प्रमाणातच ठरलेला अर्थ आहे. ० म्हणजे बँक सिलेक्ट, १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, १० पॅन, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल. १२० ते १२७ हे ‘सगळे स्वर बंद करा’ अशा आज्ञांसाठी राखीव आहेत, त्यांना हात लावू नका. मोकळे नंबर म्हणजे २० ते ३१ आणि १०२ ते ११९. हे दोन पट्टे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता नॅनोकंट्रोल२ चं साध्या सीसी मोडमधलं मूळ सेटिंग पाहा. फेडर सीसी ० ते ७, नॉब १६ ते २३, एस बटणं ३२ ते ३९, एम बटणं ४८ ते ५५ आणि आर बटणं ६४ ते ७१. म्हणजे दुसरा फेडर हा मॉड्युलेशन व्हील आहे आणि पहिल्या पट्टीचं आर बटण हे सस्टेन पेडल आहे. हे संदेश चुकून एखाद्या सिंथपर्यंत (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या वाद्यापर्यंत) पोचले तर दुसरा फेडर हलवताच सूर थरथरू लागतो, आर दाबलं की स्वर सुटतच नाहीत, आणि पहिल्या फेडरच्या बँक सिलेक्टमुळे पुढच्या प्रोग्राम चेंजला (आवाज बदलण्याच्या आज्ञेला) एखाद्या साउंड मॉड्यूलवर भलताच आवाज लागतो. असं काही घडलं की लोक सिंथ पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. सिंथ त्याला आलेल्या आज्ञा बरोबर पाळत असतो.

आधी नंबर बदला

कॉर्गच्या संकेतस्थळावरून कॉर्ग कंट्रोल एडिटर मोफत मिळतो. विंडोजवर त्यासाठी कॉर्गचा यूएसबी मिडी ड्रायव्हरही टाका. नुसतं लाइव्ह चालवायला ड्रायव्हर नसला तरी चालतं, एडिटरला मात्र तो लागतो. लाइव्ह बंद ठेवून एडिटर उघडा, कारण विंडोजवर बऱ्याचदा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिडी पोर्ट मिळतो आणि दुसऱ्याला रिकाम्या हाताने परत जावं लागतं.

एडिटरमध्ये एवढे बदल करा:

१. ग्लोबल मिडी चॅनल १६ करा. कीबोर्ड बहुतेक वेळा चॅनल १ वर असतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. लाइव्ह मॅपिंग लक्षात ठेवताना फक्त चॅनल आणि नंबर बघतं, संदेश कोणत्या यंत्रातून आला ते बघत नाही. दोन कंट्रोलर एकाच चॅनलवर तोच नंबर पाठवत असतील तर एकाचा नॉब दुसऱ्याचं काम करून टाकतो.

२. आठ फेडरना सीसी २० ते २७ द्या.

३. आठ नॉबना सीसी १०२ ते १०९ द्या.

४. प्रत्येक पट्टीच्या एम बटणाला सीसी ११० ते ११७ द्या आणि बटणाची वागणूक टॉगल (एका दाबात चालू, पुढच्या दाबात बंद) करा. एस आणि आर बटणांचा प्रकार सीसीवरून नोट करा आणि वागणूक मोमेंटरी (दाबून धरलं तेवढाच वेळ चालू) ठेवा. एसला नोट ० ते ७, आरला ८ ते १५. याचं कारण बटणांच्या भागात येईल.

५. एलईडी मोड एक्स्टर्नल करा, म्हणजे बटणांचे दिवे सॉफ्टवेअरच्या संदेशावर लागतील.

६. शेवटी कम्युनिकेशन मेनूतून राइट सीन डेटा निवडा. सीन म्हणजे यंत्रात साठलेला सेटिंगचा संच. ही पायरी विसरली तर एडिटरमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि यंत्र मात्र जुनेच नंबर पाठवत राहतं.

हे सगळं कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, आणि एडिटरमधून फाइलही सेव्ह करा. नॅनोकंट्रोल२ मध्ये एकच सीन मावतो. पहिल्या नॅनोकंट्रोलसारखे चार सीन यात नाहीत.

यंत्र खरंच काय पाठवतंय ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर टर्मिनलमध्ये एसेकडंप. फेडर तळापासून टोकापर्यंत सावकाश न्या. किंमत ० पासून सुरू होऊन १२७ ला संपली पाहिजे आणि हात थांबल्यावर संदेशही थांबले पाहिजेत. हात न लावता किंमत ६३ आणि ६४ मध्ये नाचत असेल तर फेडरमध्ये धूळ गेली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर केबल काढून, थोडासाच फवारा आणि फेडर वीस-पंचवीस वेळा वरखाली करा. नाचणारा फेडर पुढे मॅपिंगच्या वेळी फार छळतो, कारण तुम्ही दुसरा नॉब शिकवत असताना मधेच तोच घुसतो.

लाइव्हमध्ये पोर्ट चालू करणं

पाहण्याचा प्रोग्राम बंद करा, लाइव्ह उघडा आणि सेटिंग्जमधल्या लिंक, टेंपो अँड मिडी या पानावर जा. विंडोजवर कंट्रोल आणि स्वल्पविराम, मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम. खालच्या भागात पोर्टची यादी असते. प्रत्येक पोर्टसमोर ट्रॅक, सिंक, रिमोट अशी चौकटी आहेत, आणि नवख्यांची निम्मी अडचण इथेच असते.

नॅनोकंट्रोल२ च्या इनपुट ओळीत रिमोट चालू करा. ट्रॅक बंद ठेवा. सिंक बंद ठेवा. आउटपुट ओळीत फक्त रिमोट चालू करा.

ट्रॅक म्हणजे या यंत्राचे संदेश मिडी ट्रॅकमधून वाद्यांपर्यंत जाऊ देणं. सुरांच्या कीबोर्डला ते हवं, फेडरच्या यंत्राला नको. रिमोट म्हणजे मॅपिंगसाठी ऐकणं. रिमोट बंद असेल तर मॅपिंग मोडमध्ये कितीही नॉब फिरवा, काही होणार नाही. आउटपुटवरचा रिमोट एलईडीसाठी आहे. माउसने म्यूट केलेल्या ट्रॅकचा दिवा यंत्रावर बदलतो तो त्यामुळेच.

याच पानावर वर कंट्रोल सरफेसचे रकाने आहेत. साध्या सीसी मोडमध्ये यंत्र असेल तर तिथे नॅनोकंट्रोल२ साठी काहीही निवडू नका. यंत्र मॅकी कंट्रोलसारखं (सॉफ्टवेअरचा मिक्सर चालवण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीने) बोलणाऱ्या मोडमध्ये असेल तरच त्या रकान्याचा उपयोग. दोन्ही एकदम लावलं तर एकच फेडर दोन गोष्टी हलवतो.

मॅपिंग

कंट्रोल आणि एम दाबा, मॅकवर कमांड आणि एम. मॅप करता येण्यासारखं सगळं निळं होतं. (केशरी झालं असेल तर ते संगणकाच्या कीबोर्डचं मॅपिंग आहे, बाहेर या.) गायनाच्या ट्रॅकच्या फेडरवर एकदा क्लिक करा, मग यंत्राचा पहिला फेडर थोडा हलवा. स्क्रीनवर चॅनल आणि नंबर उमटतो. कोरसच्या फेडरवर क्लिक, दुसरा फेडर हलवा. असं आठही करा आणि पुन्हा कंट्रोल आणि एम दाबून बाहेर या.

क्लिक केल्यावर भलताच नंबर उमटला तर तो दुसऱ्या कंट्रोलरवरून किंवा नाचणाऱ्या फेडरवरून आलेला असतो. मॅपिंग करेपर्यंत बाकीच्या यंत्रांचा रिमोट बंद ठेवला तर प्रश्नच येत नाही.

मॅपिंग ट्रॅकला चिकटतं, त्याच्या जागेला नाही. हार्मोनियमचा ट्रॅक ओढून तबल्याच्या पलीकडे नेला तरी तिसरा फेडर हार्मोनियमच हलवेल. ट्रॅक पुसला तर मॅपिंगही जातं. म्हणून ट्रॅकचा क्रम आधी ठरवा, मॅपिंग नंतर.

एक नॉब कितीही गोष्टी हलवू शकतो, पण एका गोष्टीला एकच नॉब मिळतो. या सवलतीचा इथे चांगला उपयोग आहे. गायनाच्या रिव्हर्ब सेंडला आणि कोरसच्या रिव्हर्ब सेंडला एकच नॉब द्या. दोघांची कमाल पातळी वेगळी ठेवली की नॉब फिरवताना कोरस नेहमी गायनाच्या थोडा मागे, मंदिराच्या आत गेल्यासारखा राहतो.

रेंज: खरं काम इथे आहे

मॅपिंग मोड चालू असताना डावीकडे मॅपिंग ब्राउझर उघडतो. प्रत्येक मॅपिंगची एक ओळ: चॅनल, नंबर, कशाला लावलंय, आणि मिन, मॅक्स. नवखे या शेवटच्या दोन रकान्यांकडे बघतही नाहीत. सुरवातीला तिथे त्या पॅरामीटरची पूर्ण रेंज असते, आणि पूर्ण रेंज जवळजवळ कधीच उपयोगाची नसते.

हिशेब करून बघा. हातात १२८ किमती आहेत, म्हणजे १२७ पायऱ्या. फिल्टरचा कटऑफ (ज्या कंपनसंख्येपासून फिल्टर आवाज कापतो ती जागा) सुमारे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, म्हणजे जवळपास दहा सप्तकं. दहा सप्तकं म्हणजे १२० अर्धस्वर. १२७ पायऱ्यांत ते वाटले तर दर पायरीला जवळजवळ एक अर्धस्वर येतो. रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाजाचा उठाव) चढवलेला असेल तर फिल्टर सरकत नाही, सुरांच्या पट्ट्यांवरून उड्या मारत जातो, आणि ते स्पष्ट ऐकू येतं. आता मिन ३०० हर्ट्झ आणि मॅक्स २४०० हर्ट्झ करा. तीन सप्तकं, ३६ अर्धस्वर, दर पायरीला अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. तोच नॉब, तेच प्लगइन (लाइव्हच्या आत चालणारा इफेक्ट किंवा वाद्याचा प्रोग्राम), आणि हालचाल एकदम गुळगुळीत.

व्हॉल्यूमचंही तेच. लाइव्हचा फेडर वर +६ डेसिबलपर्यंत जातो. वरच्या भागात एका पायरीला सुमारे ०.३ डेसिबल येतात. ढोबळ मिक्ससाठी ते पुरतं, पण गायनाचा एकेक शब्द फेडरवर सांभाळायचा असेल तर खडबडीत वाटतं. शिवाय वरचे ६ डेसिबल ही धोक्याची जागा आहे. कार्यक्रमात घाईने ढकललेला फेडर टोकाला जातोच, आणि टाळांचा ट्रॅक +६ वर गेला की पहिल्या रांगेतले लोक कान झाकतात. म्हणून:

गायन: मिन -१२, मॅक्स ० डेसिबल. दर पायरीला ०.१ डेसिबलच्याही आत. गायन पूर्ण बंद करायला फेडर उपयोगी पडणार नाही, त्यासाठी म्यूट आहे.

टाळ: मॅक्स -६ डेसिबल, मिन तळापर्यंत. टाळ हळूहळू पूर्ण विरवता आले पाहिजेत.

तानपुरा: मॅक्स -१०च्या आसपास. तानपुरा एकदा बसला की तो हलवायचा नसतो, तरी फेडर मोकळा ठेवण्यापेक्षा आखूड रेंजचा बरा.

रिव्हर्ब सेंड: गायनाला मॅक्स -६, कोरसला -३ डेसिबल.

हे आकडे सुरवातीसाठी आहेत. तुमच्या ध्वनिमुद्रणाच्या पातळीप्रमाणे ते बदलतील, पण प्रत्येक ओळीत मॅक्स किती हवं हा प्रश्न स्वतःला विचारा.

नॉब उलटा चालायला हवा असेल, म्हणजे उजवीकडे नेला की कंप्रेसरचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून तो आवाज दाबू लागतो ती) खाली जावा, तर त्या ओळीवर राइट क्लिक करून इन्व्हर्ट रेंज निवडा. पॅनला नॉब देणं मात्र टाळा. १२८ किमतींना बरोबर मधली किंमत नसते, आणि पॅन एकदा ठरला की मिक्सभर बदलत नाही. आठ नॉब त्यात घालवणं परवडत नाही. टेंपोही नॉबला देऊ नका. द्यायचाच असेल तर मिन ९०, मॅक्स ११० अशी अरुंद रेंज ठेवा, नाहीतर अंगठा लागल्याबरोबर पखवाज धावत सुटेल.

हात एकीकडे, स्क्रीन दुसरीकडे

सेट उघडला. स्क्रीनवर गायनाचा फेडर -४ वर आहे, यंत्रावरचा फेडर कालच्या दुसऱ्या सेटमध्ये तळाला राहिला आहे. हात लावला की लाइव्ह यंत्राचं ऐकतं आणि गायन क्षणात तळाला जातं. मोटर नसलेल्या प्रत्येक फेडरचा हा स्वभाव आहे. लाइव्हमध्ये सेटिंग्जच्या त्याच पानावर टेकओव्हर मोड नावाचा पर्याय आहे आणि त्यात तीन गोष्टी आहेत.

नन: हात लागताच उडी. पिकअप: यंत्राचा फेडर स्क्रीनवरच्या जागेवरून जाईपर्यंत काहीच होत नाही, तिथे पोचला की पकडतो. व्हॅल्यू स्केलिंग: हात हलवताच स्क्रीनवरचा फेडर त्याच दिशेने हलू लागतो, पण दोघांमधलं अंतर हळूहळू मिटवत.

मिक्ससाठी आणि मंचावर पिकअपच ठेवा. अचानक काही होत नाही, हीच त्याची मोठी गोष्ट. किंमत एवढीच मोजावी लागते की फेडर हलवला आणि काही झालं नाही तर घाबरायचं नाही, तो अजून पोचलेला नाही. स्केलिंग सिंथचे आवाज घडवताना छान लागतं. व्हॉल्यूमवर मात्र त्यात हात किती हलवला की आवाज किती वाढेल याचा अंदाज लागत नाही.

पिकअप चालू असताना फेडर सावकाश न्या. सेट उघडल्यावर एकदा आठही फेडर तळापासून टोकापर्यंत फिरवून स्क्रीनवरच्या जागी आणून ठेवायची सवय लावून घ्या.

टोक नसलेले, गोल-गोल फिरणारे एन्कोडर वेगळे. ते ‘इथे आहे’ असं सांगत नाहीत, ‘एक पायरी पुढे’ किंवा ‘एक पायरी मागे’ एवढंच सांगतात, म्हणून त्यांना टेकओव्हरची गरजच नाही. पण ‘मागे’ हे कळवण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत: कोणी १२७ पाठवतं, कोणी ६३, कोणी ६५. लाइव्हला चुकीची पद्धत सांगितली की नॉब एका बाजूला बरोबर चालतो आणि दुसऱ्या बाजूला उडी मारून टोकाला जातो. हे लक्षण दिसलं की नॉब बिघडला असं समजू नका. मॅपिंग करताना लाइव्हच्या तळाच्या पट्टीत दिसणाऱ्या पर्यायांपैकी दुसरी रिलेटिव्ह पद्धत निवडून पाहा.

बटणं

चालू-बंद होणाऱ्या गोष्टींशी लाइव्ह दोन तऱ्हांनी वागतं. नोट आली की दर वेळी उलटापालट: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. सीसी आला की किंमत बघतं: मिन आणि मॅक्सच्या मध्ये असेल तर चालू, बाहेर असेल तर बंद.

यावरून एस आणि आर बटणांना नोट का दिली ते कळेल. मोमेंटरी बटण दाबताना नोट पाठवतं आणि लाइव्ह सोलो किंवा आर्म (ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवणं) उलटवतं. माउसने मधे कितीही वेळा बदललं तरी पुढची एकच दाब बरोबर चालते.

एम बटण सीसी टॉगल ठेवलं ते दिव्यासाठी. लाइव्हमध्ये म्यूट असं वेगळं बटण नाही, ट्रॅक ॲक्टिव्हेटर आहे, आणि तो चालू म्हणजे ट्रॅक ऐकू येतो. सरळ मॅप केलं तर ट्रॅक वाजत असताना दिवा लागतो आणि म्यूट केल्यावर विझतो, म्हणजे एम या अक्षराच्या अगदी उलट. मॅपिंग ब्राउझरमध्ये त्या ओळीचं मिन मॅक्सपेक्षा मोठं करा: मिन १२७, मॅक्स ६४. आता १२७ आला की ट्रॅक बंद, ० आला की चालू. आठही ओळींत हे करा आणि मग बटण दाबून आणि माउसने क्लिक करून, दोन्ही तऱ्हांनी दिवा बरोबर लागतो का तपासा.

टॉगल बटण दोनदा दाबावं लागत असेल तर कारण ठरलेलं आहे: यंत्राच्या मनात बटण चालू आहे आणि लाइव्हच्या मनात बंद. आउटपुट ओळीतला रिमोट चालू आहे का आणि एलईडी मोड एक्स्टर्नल आहे का, हे पाहा. तरीही त्रास होत असेल तर एम बटणांनाही नोट देऊन टाका. दिव्यापेक्षा एका दाबात म्यूट होणं महत्त्वाचं.

प्ले, स्टॉप आणि रेकॉर्ड मॅपिंग मोडमध्ये वरच्या पट्टीवर थेट लावता येतात. रेकॉर्डचं बटण कार्यक्रमात मोकळंच ठेवलेलं बरं.

नॉब थेट प्लगइनला लावू नका

प्लगइनच्या पॅरामीटरला थेट नॉब लावला आणि उद्या प्लगइन बदलला की मॅपिंग गेलं. त्याऐवजी गायनाच्या ट्रॅकवरचे इफेक्ट निवडून कंट्रोल आणि जी दाबा. त्यांचा एक ऑडिओ इफेक्ट रॅक होतो आणि त्याला मॅक्रो नॉब मिळतात. लाइव्ह ११ पासून एका रॅकला सोळापर्यंत मॅक्रो ठेवता येतात, सुरवातीला आठ दिसतात. रॅकचा मॅप मोड चालू करून एका मॅक्रोला ईक्यूचा वरचा शेल्फ (वरच्या कंपनसंख्या वाढवणारा भाग) द्या, ० ते +४ डेसिबल, आणि त्याच मॅक्रोला रिव्हर्बचा हाय कट द्या. मॅक्रोला ‘उजेड’ असं नाव द्या. यंत्राचा नॉब मग या मॅक्रोला मॅप करा. पुढे आतला ईक्यू काढून दुसरा टाकला तरी तो मॅक्रोला जोडला की यंत्राच्या मॅपिंगला हात लावावा लागत नाही. रेंज मॅक्रोच्या आत ठरते, आणि दोन पॅरामीटर निरनिराळ्या प्रमाणात हलवता येतात. नॉब मोजकेच असतील तर याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही.

ऑटोमेशनशी भांडण

गायनाच्या फेडरवर ऑटोमेशन (फेडरच्या आधीच आखून ठेवलेल्या हालचाली) काढलेलं आहे आणि चालू असताना तुम्ही यंत्राचा फेडर हलवला. लाइव्ह हाताला मान देतं, ऑटोमेशनची रेघ फिकी होते आणि पुढे फेडर ऑटोमेशन पाळत नाही. ‘मिक्स बिघडलं’ असं वाटण्याचं हे नेहमीचं कारण. वरच्या पट्टीतलं री-एनेबल ऑटोमेशनचं बटण पेटलेलं दिसेल, ते दाबा. हाताच्या हालचाली मुद्रित करायच्या असतील तर ऑटोमेशन आर्म चालू करून रेकॉर्ड करा.

टेम्प्लेट

मॅपिंग सेटमध्ये साठतं, रिमोट-ट्रॅकच्या चौकटी मात्र संगणकाच्या सेटिंग्जमध्ये. सेट मित्राच्या लॅपटॉपवर नेला तर मॅपिंग सोबत जातं, पण त्या लॅपटॉपवर रिमोट चालू केल्याशिवाय काही हलत नाही. हे माहीत नसल्यामुळे कार्यक्रमाच्या जागी धावपळ होते.

सगळं जमलं की ट्रॅक रिकामे करा, नावं आणि रंग ठेवा, आणि फाइल मेनूतून हा सेट डिफॉल्ट सेट म्हणून सेव्ह करा. यापुढे प्रत्येक नवीन सेट आठ फेडर, रेंज आणि मॅक्रोसकट उघडेल.

काही चाललं नाही तर

यंत्राला दिवे लागतात पण संगणकाला ते दिसत नाही: केबल बदला. नॅनोकंट्रोल२ ला मिनी-बी केबल लागते, आणि घरात पडलेल्या जुन्या केबलींपैकी काही नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही.

काल चाललं, आज नाही, विंडोज: यंत्र दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावलं का? विंडोज मग त्याला नावाआधी आकडा लावून नवीन यंत्र समजतो आणि लाइव्हमध्ये त्याचा रिमोट बंद असतो. पोर्टावर रंगीत चिकटपट्टी लावून तोच वापरा.

मधेच यंत्र झोपतं: विंडोजच्या पॉवर पर्यायांत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. इंटरफेस, हार्ड डिस्क आणि कंट्रोलर एकाच वीज नसलेल्या हबवर लटकवू नका.

संदेश येतात, लाइव्हच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातला मिडीचा दिवा लुकलुकतो, पण पॅरामीटर हलत नाही: आधी पिकअपचा विचार करा, फेडर पूर्ण फिरवून बघा. मग मॅपिंग ब्राउझरमध्ये चॅनल जुळतो का पाहा. यंत्र एडिटरने चॅनल १६ वर नेलं आणि मॅपिंग त्याआधीचं असेल तर ते चॅनल १ ची वाट बघत बसलेलं असतं.

रीपर वापरणाऱ्यांसाठी

रीपर हे लाइव्हसारखंच दुसरं सॉफ्टवेअर. नंबर, रेंज आणि टेकओव्हरचा विचार तोच, जागा वेगळ्या. प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर यंत्रासाठी दोन वेगळे पर्याय आहेत: इनपुट चालू करणं आणि कंट्रोल संदेशांसाठी इनपुट चालू करणं. फेडरच्या यंत्राला दुसरा हवा, पहिला नको. ट्रॅकचे फेडर ॲक्शन लिस्टमधून लावतात: ‘सेट व्हॉल्यूम फॉर ट्रॅक ०१’ ही ॲक्शन शोधा, ॲड शॉर्टकट करा आणि फेडर हलवा. प्लगइनसाठी, पॅरामीटरला माउसने एकदा हलवा, मग प्लगइनच्या खिडकीतल्या पॅरम बटणातून लर्न निवडा. तिथेच सॉफ्ट टेकओव्हरची चौकट आहे, ती मोटर नसलेल्या प्रत्येक नॉबसाठी चालू करा. एन्कोडरसाठी रिलेटिव्ह १, २, ३ असे पर्याय आहेत: मागे जाताना १२७ पाठवणाऱ्याला पहिला, ६३ वाल्याला दुसरा, ६५ वाल्याला तिसरा. यंत्राला दिवे असतील आणि ते रीपरशी जुळवायचे असतील तर रीलर्न हे मोफत प्लगइन टाका. त्यात प्रत्येक मॅपिंगला रेंज, पिकअप आणि परतीचा संदेश एकाच ठिकाणी ठरवता येतो.